सकाळी बुडबुडे थांबतात तेव्हा: कॅल्शियम रिॲक्टरच्या गॅसचा माग

दारव्ह्याजवळ शेतातल्या घरी पाचशे लिटरची प्रवाळाची टाकी ठेवणाऱ्या एका भावाचा प्रश्न आहे. (कॅल्शियम रिॲक्टर म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडून चुनखडीचे खडे, म्हणजे मीडिया, विरघळवणारं आणि ते पाणी टाकीतल्या प्रवाळांना पुरवणारं भांडं.) रिॲक्टरला रात्री झोपताना मिनिटाला 40 बुडबुडे लावून ठेवतो, सकाळी सहाला पाहतो तर पाच-सहा, कधी एकही नाही. सुई (गॅस कमी-जास्त करायचा नीडल व्हॉल्व्ह) थोडी उघडली किंवा रिॲक्टरच्या नळ्या हलवल्या की परत सुरू होतात. दोन महिन्यांत दोन सिलिंडर बदलले, नवा नीडल व्हॉल्व्ह आणला, तरी तेच. टाकीचा केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण, डीकेएचमध्ये मोजतात) 8.5 वरून 6.8 वर आलाय. दुकानदार म्हणतो रेग्युलेटर बदला. बदलू का?

नाही भाऊ, आत्ताच बदलू नका. आणखी सात-आठ हजार रुपये घालून तुम्ही तिथंच याल. तुमचा दोष बहुतेक गॅसच्या बाजूला नाहीच, तो पाण्याच्या बाजूला आहे. तो तिथं का आणि कसा शोधायचा, ते सगळं सांगतो, कारण ही अडचण घेऊन माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस सिलिंडरपासून सुरुवात करतो आणि पैसे घालवून बसतो. मी पुलगावला मामांच्या हाताखाली सोडा मशीन आणि फ्रिज दुरुस्तीचं काम शिकलो, मग खाऱ्या पाण्याच्या टाक्यांकडे वळलो, त्याला आता चौदा वर्षं झाली. गॅस अडला की माणसाची नजर आधी गॅसच्या बाटलीकडे जाते, हे दोन्ही धंद्यांत पाहिलं.

आधी सिलिंडरचं बोलू, म्हणजे तो संशय मनातून निघेल. तुम्ही लिहिलंय की पहिला सिलिंडर परत केला तेव्हा मोठ्या काट्यावर, म्हणजे सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या, 800 पीएसआय होते. मग तो रिकामा नव्हता. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ असते. थेंबभर द्रव शिल्लक असेपर्यंत काटा फक्त तापमान सांगतो, गॅस किती उरलाय ते सांगत नाही. 20 अंशाला साधारण 57 बार म्हणजे 830 पीएसआय, थंडीच्या रात्री खोली 10 अंशांवर गेली तर 45 बार म्हणजे 650 च्या आसपास. गच्च भरलेला असो की अर्ध्यावर आलेला, काटा तेच दाखवणार. द्रव संपला की मात्र तो भराभर उतरतो. म्हणून गॅस किती आहे ते काट्यावर पाहू नका, वजन करा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर ठोकलेलं असतं. रेग्युलेटर काढून सिलिंडर किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा, आलेल्या वजनातून ते वजा करा.

आता हिशेब करून पाहू. तुमची टाकी दिवसाला दीड डीकेएच खाते, असं तुम्हीच मोजून कळवलंय. पाचशे लिटरला तेवढी भर घालायला रिॲक्टरमध्ये रोज साधारण 13 ग्रॅम मीडिया विरघळावा लागतो आणि त्याला साधारण 6 ग्रॅम गॅस पुरतो. सगळा गॅस कामी येत नाही, म्हणून दुप्पट धरा, 12 ग्रॅम. तरी 2 किलोचा सिलिंडर साडेपाच महिने चालायला हवा. दोन महिन्यांत दोन सिलिंडर संपले असते तर कुठंतरी मोठी गळती असती. पण तुमचे संपलेच नाहीत, तुम्ही भरलेले परत केलेत. पुढचा परत करताना आधी वजनकाट्यावर ठेवा.

आता मुख्य गोष्ट. गॅस नळीतून का वाहतो? मागं दाब जास्त आणि पुढं कमी म्हणून. या दोन्हींत जेवढा फरक, तेवढे बुडबुडे. तुमच्याकडे कपाशीला ठिबक आहे, म्हणून ठिबकचंच घ्या. विहिरीवरच्या फिल्टरजवळ प्रेशर बरोबर आहे, मोटर ठणठणीत आहे, आणि ओळीच्या टोकाला पऱ्हाटी सुकून राहिली. तेव्हा तुम्ही मोटर बदलत नाही. ड्रिपर उघडून पाहता, त्यात पांढरा क्षार बसलेला असतो, मग लाइनला ॲसिड सोडता. रिॲक्टरचा न्याय तोच.

तुम्ही कार्यकारी दाब, म्हणजे छोट्या काट्यावरचा, 5 पीएसआय ठेवलाय. कमी दाबानं गॅस वाचेल या समजुतीनं ठेवलाय, हेही कळवलंत. तो वाचत नाही. गॅस किती जायचा ते सुई ठरवते. रिॲक्टरला पाणी देणाऱ्या तुमच्या पंपावर कमाल उंची 3.2 मीटर लिहिलीय. दहा मीटर पाणी म्हणजे एक बार, त्या हिशेबानं 3.2 मीटर म्हणजे साडेचार पीएसआय. आउटलेट, म्हणजे रिॲक्टरचं पाणी टाकीत पडायचं तोंड, पूर्ण बंद झाला तर रिॲक्टरच्या आत एवढा दाब चढू शकतो.

झोपताना आउटलेट नीट ठिबकतोय, आत दीड पीएसआय आहे. मागं 5, पुढं दीड, फरक साडेतीन. बुडबुडे 40. रात्रभरात आउटलेट हळूहळू आवळत गेला, आतला दाब साडेचारवर आला. फरक उरला अर्धा पीएसआय, म्हणजे आधीच्या सातवा हिस्सा. 40 चे सातव्या हिश्शाने पाच-सहा होतात. तुमच्या सकाळच्या आकड्याशी हा हिशेब जुळतो. आणि ज्या दिवशी एकही नसतो, त्या दिवशी तो अर्धा पीएसआय चेक व्हॉल्व्हचा (गॅसला एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या झडपेचा) पडदा उघडायलाही पुरत नाही. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा पक्की आहे. तेच तुम्ही दाब 20 ठेवला असता तर साडेअठराचा फरक साडेपंधरावर आला असता आणि 40 चे 33-34 दिसले असते.

नळ्या हलवल्या की सुरू होतात, हे तुम्ही सहज लिहून गेलात. मला सगळ्यात जास्त उपयोग त्याच वाक्याचा झाला. नळी हलली की आउटलेटच्या तोंडातली खपली सरकते, पाणी मोकळं होतं, आतला दाब उतरतो आणि गॅसला वाट मिळते. दिवसा थेंब मोजायला तुमचा हात दहादा तिथं जातो म्हणून दिवसा चालतं. रात्रीचे आठ तास कुणी हात लावत नाही.

ही खपली येते कुठून, तेही समजून घ्या, म्हणजे परत येऊ देणार नाही. रिॲक्टरच्या आत सामू साडेसहाच्या आसपास असतो, त्या आम्लपणात मीडिया विरघळतो आणि पाणी कॅल्शियम-बायकार्बोनेटनं गच्च भरतं. हे पाणी बारीक केलेल्या कॉकमधून बाहेर पडताना दाब एकदम सुटतो, गॅस निसटतो, सामू वर जातो आणि विरघळलेला चुना त्याच तोंडाशी परत बसतो. गुहेत छताला चुनखडीचे झुंबर लोंबतात ते याच कारणानं. वरून थोडी बुळबुळीत शेवाळी चढते आणि तिच्यात चुन्याचे कण अडकतात. आज रात्री आउटलेटचा कॉक काढून तळहातावर घ्या आणि विजेरीच्या उजेडात आरपार पाहा. पानाच्या डब्यात कडेला वाळलेला चुना असतो ना, तसा पांढरा-पिवळसर कडक थर दिसेल. मधोमध सुईच्या नाकाएवढं भोक. नख घातलं तर कपच्या निघतात. साध्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा, आधी फसफसेल, मग थर मऊ पडेल, जुन्या टूथब्रशनं घासा. नळीही काढून हातात घ्या आणि दाबा. आतून करकर आवाज आला तर ती नळीच बदला, पंधरा-वीस रुपयांची वस्तू आहे.

साफ केल्यावर ती महिन्याभरानं परत भरेलच, म्हणून मांडणी बदला. बहुतेक जण पाण्याचा वेग आउटलेटला कॉक आवळून ठरवतात. तो कॉक इनलेटला घ्या आणि आउटलेट पूर्ण उघडा ठेवा. इनलेटला टाकीचं साधं पाणी असतं, त्यात चुना बसत नाही. आउटलेट मोकळा असला की आतला दाबही जवळजवळ शून्य राहतो. ऐपत असेल तर पेरिस्टाल्टिक पंप घ्या, तो मिलिलिटरच्या हिशेबानं पाणी देतो आणि कटकट मिटते. पण तो आउटलेटवर बसवून पाणी ओढणार असाल तर रिॲक्टरचं झाकण आणि सगळे जोड घट्ट हवेत, नाहीतर फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. इनलेटवर बसवून पाणी ढकलणार असाल तर आउटलेट कधीच चोंदू देऊ नका, कारण हा पंप साडेचार पीएसआयला थांबत नाही, तो नळी उडवेपर्यंत ढकलतो.

आता जे मी हात जोडून सांगतो ते ऐका. सकाळी बुडबुडे कमी दिसले की सुई उघडू नका.

सहा-सात वर्षांपूर्वी हिंगणघाटच्या एका टाकीवर मी हीच चूक केली. संध्याकाळी बुडबुडे थांबलेले दिसले, घाई होती, सुई अर्धा फेरा उघडली, मनासारखे बुडबुडे आले आणि निघून आलो. आउटलेट चोंदलेला होता, मी पाहिलाच नाही. रात्री कधीतरी ती खपली निघून गेली. आतला दाब पडला आणि उघड्या सुईतून गॅस धो-धो सुटला. पहाटे त्या घरच्या काकूंचा फोन आला, "भाऊ, मासे वरती येऊन तोंड उघडून राहिले." पोहोचलो तेव्हा टाकीचा सामू 7.3 होता. खिडक्या उघडल्या, दोन एअर पंप लावले, अर्ध्या टाकीचं पाणी बदललं. एक पिवळा टँग आणि क्लाउनमाशांची जोडी गेली. ती जोडी त्यांच्या मुलीनं दोन वर्षं हातानं खाऊ घालून वाढवली होती. तेव्हापासून कुठल्याही टाकीवर गेलो की गॅसच्या नॉबला हात लावायच्या आधी आउटलेटखाली मोजपात्र धरतो.

मोजपात्र धरून काय पाहायचं? तुमच्या टाकीला रोज 750 लागतात, म्हणजे 500 लिटर गुणिले दीड डीकेएच. रिॲक्टरमधून येणारं पाणी 25 डीकेएच असेल आणि टाकी 8 वर असेल तर प्रत्येक लिटरमागे 17 ची भर पडते. 750 भागिले 17 म्हणजे दिवसाला 44 लिटर, मिनिटाला साधारण 30 मिलिलिटर. औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज धरा आणि एक मिनिट मोजा. रात्री 30 आणि सकाळी 12 आले तर चोर सापडला.

पण तुमच्या बाबतीत दुसरा एक संशय मी सोडत नाही, तो विजेचा. घर शेतात आहे, महिना जानेवारीचा आहे, गहू-हरभऱ्याचं ओलीत चालू आहे आणि शेतीची लाइन रात्रीची येते. एका डीपीवर दहा-पंधरा मोटरी एकदम सुरू झाल्या की घरातला बल्ब पिवळा पडतो. 230 चे 165-170 व्होल्ट होतात. सोलेनॉइड (विजेवर उघडणारी गॅसची झडप) सरळ 230 वर चालणारा असेल तर इतक्या कमी व्होल्टेजला त्याचा आतला खिळा पूर्ण उचलला जात नाही. तो गुणगुणतो, थरथरतो, कधी अर्धवट बसतो, आणि गॅस अडतो. सकाळी मोटरी बंद झाल्या की सगळं ठीक झालेलं असतं आणि दोष हाती लागत नाही. शिवाय पाण्याचा पंपही मंदावतो. रात्री दोन वाजता मोटरी चालू असताना एकदा उठून पाहा. मल्टिमीटर प्लगमध्ये धरा. सोलेनॉइडच्या कॉइलला हात लावा, ती कोमट लागली पाहिजे. पेचकसाचं टोक कॉइलच्या नटाजवळ न्या, चालू कॉइल ते ओढून घेते. ओढ ढिली वाटली तर विजेचा दोष. यावर उपाय म्हणजे 12 किंवा 24 व्होल्ट डीसीचा सोलेनॉइड, सोबत 100 ते 240 व्होल्टवर चालणारा अडॅप्टर. मी ग्रामीण भागात दुसरा सोलेनॉइड बसवतच नाही. स्टॅबिलायझर लावला तरी चालतं, पण त्याच्या रिलेची टकटक रात्रभर ऐकावी लागते.

या दोन्हींत तुमचा चोर कोणता, हे पाच मिनिटांत कळतं. सकाळी बुडबुडे थांबलेले दिसले की कशालाच हात न लावता आधी छोटा काटा पाहा. रात्रीचाच आकडा असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर दोन्ही निर्दोष. मग रिॲक्टरच्या गॅस-इनलेटजवळ नळीला चिमटा लावा, पाणी सांडू नये म्हणून. चेक व्हॉल्व्हच्या पुढची नळी काढून तिचं टोक पाणी भरलेल्या पेल्यात बुडवा. पेल्यात बुडबुडे जोरात सुटले तर मागचं सगळं ठीक, दोष रिॲक्टरच्या दाबात. पेल्यातही आले नाहीत तर चेक व्हॉल्व्ह काढून परत बघा. तरी नाहीत तर सोलेनॉइड किंवा सुई. असं अर्ध्यावरून तोडत गेलं की काही विकत न आणता जागा सापडते.

चेक व्हॉल्व्हबद्दल दोन शब्द, कारण प्लास्टिकची ही लहानशी वस्तू सगळ्यांत जास्त नुकसान करते. वीज गेली की सोलेनॉइड बंद होतो. पुढच्या नळीतला गॅस रिॲक्टरच्या पाण्यात विरघळत राहतो आणि नळीत ओढ तयार होते. चेक व्हॉल्व्हचा पडदा कडक झाला असेल तर खारं पाणी त्या ओढीनं मागं चढतं. आधी बबल काउंटरमध्ये (बुडबुडे मोजायच्या पाण्याच्या नळकांड्यात), मग सुईत, मग सोलेनॉइडमध्ये. तिथं ते वाळतं आणि मीठ बसतं. बबल काउंटरमधली पातळी न भरता वाढलेली दिसली की समजा पाणी मागं आलं. दोन चेक व्हॉल्व्ह लावा, एक सुईच्या पुढं लगेच आणि एक रिॲक्टरजवळ, आणि वर्षातून एकदा बदला. विरुद्ध बाजूनं तोंडानं फुंकून पाहा, फुंकर पलीकडे गेली तर तो निकामी. तुमच्या जुन्या नीडल व्हॉल्व्हला फेकू नका. कोमट साध्या पाण्यात भिजवून वाळवलात तर तो बहुधा चांगला निघेल. फक्त सुई कधीही जोरानं बंद करू नका, तिची बैठक चेपली की ती पुन्हा बारीक धार धरत नाही. रात्री गॅस बंद करायचा तर सिलिंडरची चावी बंद करा.

तुम्हाला सामूचा कंट्रोलर लावायचाय, तेही विचारलंय. लावा, पण तो नवा चोर होऊ शकतो, हे लक्षात ठेवा. कंट्रोलर आतला सामू 6.5 च्या खाली दिसला की सोलेनॉइड बंद करतो. त्याचा प्रोब (सामू मोजणारी कांडी) चुकला आणि 6.7 ला 6.4 वाचू लागला तर गॅस तासन्‌तास बंद राहील आणि तुम्ही परत सिलिंडर बदलायला निघाल. दर महिन्याला 7 आणि 4 सामूच्या बफर द्रावणानं प्रोब जुळवा. आणि आपल्याकडचं एक खास दुखणं आहे, अर्थिंगचं. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, मग पंपातून झिरपणारा थोडासा करंट पाण्यात फिरतो आणि प्रोबला खोटं बोलायला लावतो. रिॲक्टरचं पाणी पेल्यात काढून प्रोब त्यात बुडवा. पेल्यात 6.7 आणि रिॲक्टरमध्ये 6.3 असेल तर करंट आहे. एकेक पंप बंद करत जा, ज्याला बंद केल्यावर आकडा उडी मारेल तो पंप बदला. अर्थिंगच्या खड्ड्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. हे माशांसाठी जेवढं, तेवढंच टाकीत हात घालणाऱ्या माणसासाठी.

गळतीची तपासणी सोपी आहे. भांडी घासायच्या लिक्विडचा फेस ब्रशनं प्रत्येक जोडावर लावा आणि बसून राहा, बारीक गळतीचा फुगा यायला मिनिट लागतो. सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या जोडाला वायसर असतो, तोच गॅस अडवतो, तिथं टेफ्लॉन टेप गुंडाळून उपयोग नाही. सिलिंडर बदलला की वायसर नवा टाका. नळी सिलिकॉनची असेल तर तीही बदला, सिलिकॉनच्या भिंतीतून हा गॅस झिरपतो. पॉलियुरेथेनची घ्या.

तुमच्या प्रश्नात नसलं तरी सिलिंडर कुठून भरता ते तपासा. आर्वीकडच्या एका भावाचा रिॲक्टर महिनाभर खडखडत होता. बुडबुडे नियमित, काटे बरोबर, पण रिॲक्टरच्या वर गॅसचा मोठा कप्पा साचायचा, पंप हवा खाऊन आवाज करायचा आणि आउटलेटचा केएच 10 च्या वर जायचा नाही. मी मीडिया बदलला, पंप खोलला, काही उपयोग नाही. शेवटी मोठ्या काट्यावर लक्ष गेलं, तो रोज थोडा-थोडा उतरत होता. कार्बन डायऑक्साइड असा उतरत नाही, ते मघाशी सांगितलंच. त्यानं सिलिंडर वेल्डिंगवाल्याकडून आणला होता आणि त्यात मिग वेल्डिंगचा मिश्र गॅस होता, बहुतांश आर्गॉन. आर्गॉन असा विरघळून आम्ल होत नाही, म्हणून वरती साचत राहिला. सोडावाल्याकडून भरून आणणं मला जास्त खात्रीचं वाटतं. सिलिंडरवर शेवटच्या चाचणीची तारीख ठोकलेली असते, ती पाच वर्षांच्या आतली आहे ना ते पाहा. या गोष्टींवर नजर ठेवणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, तरी गावोगाव तारीख उलटलेले सिलिंडर फिरतात.

उन्हाळ्याची तयारी आत्ताच करा. 31 अंशांच्या वर या गॅसचा द्रव आणि वाफ वेगळे राहत नाहीत आणि सिलिंडर गच्च भरलेला असेल तर दाब झपाट्यानं चढतो. 45 अंशांच्या खोलीत तो 100 बारच्या वर जाऊ शकतो. काटा 1500 कडे गेलेला दिसला तर ती उन्हाची किमया आहे, सिलिंडर उन्हातून आणि पत्र्याच्या खोलीतून हलवा. भरताना सांगितलेल्या वजनापेक्षा एक ग्रॅमही जास्त भरू देऊ नका. त्याला उभाच ठेवा, भिंतीला साखळीनं बांधून. आडवा केला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. बबल काउंटरमधलं पाणी मे महिन्यात आठवड्यात आटतं, कारण हा गॅस कोरडा असतो आणि वरून आपली हवा. त्यात ग्लिसरीन भरा, ते आटत नाही. फक्त ग्लिसरीनमध्ये बुडबुडे मोठे आणि सावकाश दिसतात, म्हणून जुना 40 चा आकडा विसरून नव्यानं मोजा.

शेवटच्या घटकेला सिलिंडर संपताना साधा एकपदरी रेग्युलेटर आणखी एक घात करतो. आत येणारा दाब पडला की बाहेरचा दाब वर सरकतो, म्हणून संपायच्या दिवशी गॅस अचानक जास्त सुटतो. आतल्या गॅसचं वजन 200 ग्रॅमवर आलं की सिलिंडर बदला, शेवटचा थेंब वापरायचा मोह करू नका. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड आहे. कूलर बंद करून दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत तो खालीच साचतो, आणि तुमच्याकडे लहान मुलं जमिनीवर गादी टाकून झोपतात. सिलिंडर त्या खोलीत नको.

मीडियाबद्दल विचारलंय की रामेश्वरला गेलेल्या नातेवाइकांनी किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे आणून दिले तर चालतील का. नको. सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेले तुकडे उचलणंही गुन्हा आहे. टाकीतल्या प्रवाळांची आयातीची कागदपत्रंही जपून ठेवा. आणि तुमच्या अकोल्याच्या मेहुण्यांनी सुचवलेलं खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी टाकीला अजिबात चालणार नाही. ते खारं आहे, पण त्यातल्या क्षारांचं प्रमाण समुद्राचं नाही. आरओ-डीआयचं (क्षार पूर्ण काढलेलं) पाणी आणि समुद्री मीठ, एवढंच.

तर या शनिवारी असं करा. आउटलेटचा कॉक आणि नळी काढून व्हिनेगरमध्ये टाका, कॉक इनलेटला बसवा. सुई जवळजवळ बंद करा आणि मगच छोटा दाब 5 वरून 20 वर न्या. हा क्रम उलटा केला तर हिंगणघाट होईल. पाणी मिनिटाला 30 मिलिलिटर लावा. बुडबुडे 15 पासून सुरू करा आणि दर चार तासांनी पाच-पाच वाढवा, रिॲक्टरचा सामू 6.6 वर थांबेपर्यंत. तो कदाचित 25 बुडबुड्यांवरच थांबेल, 40 चा हट्ट धरू नका. सुईच्या नॉबवर घरातल्या नेलपॉलिशचा ठिपका द्या, म्हणजे कुणाचा हात लागला तर कळेल. केएच 6.8 चा 8.5 करायला घाई नको, दिवसाला अर्ध्या डीकेएचच्या वर चढवू नका. चार दिवस रोज सकाळी त्याच वेळी मोजा आणि वहीत रात्रीचे व सकाळचे बुडबुडे, आउटलेटचं पाणी आणि रात्री दोनचं व्होल्टेज लिहा. पाचव्या दिवशीही सकाळी बुडबुडे पडलेले असतील तर त्या वहीच्या पानाचा फोटो पाठवा, मग रेग्युलेटर खोलायचं पाहू.